निलंबित फौजदाराची बायको सोडून जात नाही

तुमचा प्रश्न असा: बीड-लातूरकडची पार्श्वभूमी घेऊन डिटेक्टिव्ह कादंबरी लिहिताय. नायक बदनाम होऊन निलंबित झालेला इन्स्पेक्टर. बायको सोडून गेलेली. रात्री बाटली उघडून जुन्या खुनाची फाईल चाळतो आणि शेवटी एकट्यानं खुनी हुडकून काढतो. हे खरं वाटायला काय काळजी घ्यावी?

पहिली काळजी ही घ्या की बायकोला घरी परत आणा.

मी निलंबित फौजदाराची बायको होते. आता हे रिटायर आहेत आणि आम्ही सुखात आहोत, पण तुमचा प्रश्न वाचला आणि गप्प बसवेना. लेखकांनी आणि सिनेमावाल्यांनी पोलिसांच्या बायकांना किती वेळा माहेरी पाठवलंय याला गणती नाही. आमचं अर्धं आयुष्य पोलीस लाईनीत गेलं, तिथं नवरा सस्पेंड झाला म्हणून बोचकं बांधून गेलेली एकही मी बघितली नाही. जाणार कुठं? माहेरच्या उंबऱ्यात पाय टाकला की पहिला प्रश्न, "किती खाल्ले होते?" त्यापेक्षा आपली लाईन बरी. तिथं सगळ्यांना माहीत असतं की आज ह्यांची पाळी, उद्या आपली.

दुसरं म्हणजे ती फाईल. निलंबनाचा आदेश हातात पडला की ओळखपत्र जमा, पिस्तूल जमा, कपाटाची किल्ली दुसऱ्याकडं. केस डायरी आरोपीच्या वकिलालासुद्धा बघायला मिळत नाही, ती तुमच्या नायकाच्या टीपॉयवर कशी येईल? घरी फाईल नसते. घरी असतात त्या नोटिसा. आणि आदेशात एक ओळ ठरलेली असते: मुख्यालय सोडायचं नाही, रोज राखीव पोलीस निरीक्षकांकडं हजेरी द्यायची. म्हणजे नायक रात्री दोनपर्यंत पुरावे धुंडाळणार असेल, तर सकाळी त्याला जिल्ह्याच्या मैदानावर, कालपर्यंत जे शिपाई त्याच्या हाताखाली होते त्यांच्यादेखत सही करायला उभं राहायचंय. हे सांगायचे, सॅल्यूटला त्यांचा हात उठायचा आणि अर्ध्यावर थांबायचा. मारावा की मारू नये हे त्या पोरांनाही कळत नसे. ही एक गोष्ट नीट लिहिलीत तरी तुमचं एक प्रकरण होईल, बाटलीची गरज पडणार नाही.

दारूचंही सांगून टाकते. हे आधी घ्यायचे, सणावाराला, थोडी. निलंबनात सोडली. हजेरीला तोंडाचा वास आला तर दुसरी कसूर लागली असती, आणि पैसे होते कुठं? निर्वाह भत्ता सुरुवातीचे तीन महिने अर्ध्या पगाराएवढा. पुढं प्रकरण लांबलं आणि लांबण्यात तुमचा दोष नसेल, तर तो वाढवून पाऊण पगाराच्या आसपास जाऊ शकतो. तोसुद्धा मिळायला दर महिन्याला लिहून द्यावं लागतं की मी दुसरीकडं नोकरीधंदा करत नाही. त्यातून सोसायटीचा हप्ता आहेच. ज्वारी सासरहून यायची म्हणून चूल पेटत राहिली.

आता ती केस. साल सांगत नाही, तालुका सांगत नाही. मोबाईल नुकते आले होते आणि अख्ख्या ठाण्यात एकट्या मोठ्या साहेबांकडं होता, एवढ्यावरून काय तो अंदाज करा. ठाणं बालाघाटच्या डोंगराकडचं. धारूर, वडवणी, पाटोदा, हा सगळा पट्टा दसरा झाला की ऊसतोडीसाठी रिकामा होतो हे तुम्हाला माहीत असेलच. त्या वर्षी परतीचा पाऊस नवरात्रात आला. एका शिवारातल्या विहिरीत पोरगा सापडला, विशीतला. ऊसतोड टोळ्या नेणाऱ्या मुकादमाकडं उचलीचा, म्हणजे मजुरांना आगाऊ दिलेल्या पैशांचा, हिशेब लिहायचा. पोलीस पाटलाची खबर आली, अकस्मात मृत्यूची नोंद झाली, हे दोन अंमलदार घेऊन गेले. गावानं तोवर ठरवून टाकलं होतं, पाय घसरून पडला.

विहिरीच्या दगडी काठावर त्याच्या चपला होत्या. देवळाबाहेर काढाव्यात तशा जोडीनं ठेवलेल्या. पाय घसरून पडणारा चपला काढून ठेवत नाही, हे कुणाच्याही लक्षात येईल, आणि गावानं त्याचंही उत्तर लगेच दिलं: मग जीव दिला असंल. पण यांनी त्या चपला उचलून उलट्या केल्या. तळवे स्वच्छ. खाचांत मातीचा कण नाही. आदल्या सांजेपासून पाऊस लागलेला, आणि विहिरीपर्यंत यायला चारी बाजूंनी काळं रान. आपल्याकडच्या ओल्या काळ्या रानात चार पावलं टाकली की चप्पल पायात राहत नाही, आणि राहिलीच तर चिखलाचा गोळा घेऊन येते. म्हणजे त्या चपला पायातून आल्याच नव्हत्या. कुणीतरी हातात धरून आणून तिथं मांडल्या होत्या.

यांनी पंचनाम्यात एक वाक्य लिहिलं, "चपलांचे तळव्यांस चिखल मिळून आला नाही." पुढचं सगळं रामायण या एका वाक्यानं घडवलं.

शवविच्छेदन ग्रामीण रुग्णालयात झालं. डॉक्टरांनी मत राखून ठेवलं, व्हिसेरा मिठाच्या पाण्यात घालून औरंगाबादच्या प्रयोगशाळेला गेला (तेव्हा औरंगाबादच होतं). डोक्याला मागून मार होता, पण पडताना विहिरीचा दगड लागला असंही म्हणता येत होतं. तरी यांनी वरिष्ठांशी हुज्जत घालून खुनाचा गुन्हा नोंदवायला लावला. आरोपी अज्ञात. अज्ञात म्हणजे कागदावर अज्ञात, गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होता.

शेजारच्या रानातल्या कोठ्यावर एक ऊसतोड जोडपं मुक्कामाला होतं. त्यातल्या बाईनं यांना उभ्या उभ्या सांगितलं की रात्री ट्रॅक्टर आला होता, दिवे विझवून. अंधार पडायला आला होता, मरणोत्तर पंचनामा अर्धा राहिला होता, प्रेत दवाखान्यात पोचवायचं होतं. जबाब सकाळी घेऊ म्हणाले. सकाळी कोठा रिकामा. टोळ्या दसऱ्यानंतर हलतात, ही टोळी दसऱ्याआधीच रातोरात हलवली गेली होती. कुणी हलवली हे विचारू नका.

हे त्यांच्या मागं कर्नाटकाच्या हद्दीवरच्या कारखान्यापर्यंत गेले. प्रवास भत्ता मंजूर व्हायची वाट बघितली नाही, माझ्याकडचे घरखर्चाचे पैसे घेऊन गेले. फडात ती बाई सापडली. उसाच्या वाढ्याच्या बंदानं मोळी आवळत होती. यांना ओळखलं तिनं. मान वर न करता म्हणाली, "सायब, आमी काय बी बगितलं न्हाई. उचल फिटायची हाय आमची." आणि मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून वर चढली. नवरा कोयता खाली ठेवून नुसता बघत राहिला.

लेखक लोक म्हणतात साक्षीदाराला धमकी दिली, साक्षीदार गायब केला. इथं कुणी कुणाला धमकी देत नाही. उचल दिलेली असते, तेवढं पुरतं. तुमच्या कादंबरीतली केस न उलगडायला खुनी हुशार असायची काही गरज नाही. फक्त जबाब एका रात्रीपुरता घ्यायचा राहू द्या आणि हंगाम ऑक्टोबरचा धरा. गुढीपाडव्याच्या सुमाराला माणसं परत येतील तेव्हा सहा महिने गेलेले असतील आणि पुढच्या वर्षाची उचल घ्यायची बोलणी सुरू झालेली असतील.

आता निलंबन कशानं झालं ते. चपलांचं पाकीट लाखेचं सील मारून तयार होतं, पण मुद्देमाल कारकून देवीच्या बंदोबस्ताला गेलेला. म्हणून ते पाकीट यांनी दोन दिवस स्वतःच्या कपाटात ठेवलं आणि मग जमा केलं. मुद्देमाल रजिस्टरला नोंद उशिराची पडली. कसूर होती, मी नाही म्हणत नाही. पुढं काही महिन्यांनी कारकुनाची बदली झाली, चार्ज देताघेताना वस्तू मोजल्या, तर रजिस्टरला नोंद आहे आणि खोलीत पाकीट नाही. ती मुद्देमाल खोली मी बघितली आहे. जिन्याखालची, गळकी. हातभट्टीचे जप्त कॅन, सायकलींचे सांगाडे, उंदरांनी कुरतडलेली गाठोडी. किल्ली कुणाकुणाच्या हातात फिरायची ते सगळ्या ठाण्याला माहीत होतं. नाव मात्र तपासी अधिकाऱ्याचं लागलं, कारण पहिले दोन दिवस पाकीट त्याच्या कपाटात होतं. पेपरात छापून आलं, खुनातला पुरावा गहाळ, फौजदार निलंबित. लोकांनी वाचलं, फौजदारानं पुरावा विकला.

गुन्ह्याची 'अ' समरी झाली, म्हणजे तपास बंद करताना पोलीस कोर्टाला देतात तो अहवाल. इथं तुमच्या कामाचं सांगते. न उलगडलेली केस म्हणता, तर ती कोणत्या समरीत गेली ते आधी ठरवा. 'अ' म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी मिळून आला नाही. 'ब' म्हणजे मुद्दाम केलेली खोटी फिर्याद. 'क' म्हणजे फिर्याद गैरसमजातून झालेली. खून झालेल्या पोराच्या आईला 'अ' समरीची नोटीस मिळणं वेगळं आणि 'ब' समरीची मिळणं वेगळं. दुसरीत तिलाच खोटी ठरवलेलं असतं.

निलंबित माणूस तपास करू शकतो का? नाही. जबाब घेऊ शकत नाही, पंचनामा करू शकत नाही, साक्षीदाराच्या घरी गेला आणि तिनं तक्रार केली तर दोषारोपात एक कलम वाढतं. वर्तणूक नियम निलंबनातही लागू असतात, त्यामुळं पेपरवाल्याला बोलावून मन मोकळं करायचीही सोय नाही. त्याला काही सापडलंच तर ते सध्याच्या तपासी अधिकाऱ्याच्या टेबलावर नेऊन ठेवायचं, आणि त्यानं कोर्टाला कळवून पुढचा तपास सुरू करायचा. आता तो अधिकारी का करेल? त्याच्याकडं रोजचे गुन्हे आहेत, मोर्चे आहेत, मंत्र्यांचे दौरे आहेत. तुमच्या कादंबरीतला खरा सामना नायक आणि खुनी यांच्यात होणार नाही, या दोन अधिकाऱ्यांत होईल. आणि ठाण्यात एक म्हातारा रायटर, म्हणजे लिखापढी सांभाळणारा पोलीस, ठेवा. साहेब लोक येतात-जातात, कोणता कागद कोणत्या गठ्ठ्यात आहे ते रायटरला माहीत असतं. तुमचा नायक त्याच्याकडं चहा प्यायला जाईल. तपास होईल तो तेवढाच.

विभागीय चौकशीचा खुलासा मी लिहिला. यांचं अक्षर यांनाच लागत नाही, आणि मी अंबाजोगाईची बी.ए. मराठी. "मा. पोलीस अधीक्षक साहेबांचे सेवेशी सविनय सादर" पासून ते "सदरचा खुलासा मान्य व्हावा ही विनंती" पर्यंत, कार्बन घालून, स्वयंपाकघरातल्या फरशीवर बसून. चौकशीत एक मुद्दा असा निघाला की चपला पावसानं धुतल्या गेल्या असतील, फौजदारानं उगाच खून उभा केला. यावर हे काही बोलले नाहीत. परवानगी काढून गावी गेले. चांगला पाऊस होऊ दिला, नव्या चपला घालून बांधापासून विहिरीपर्यंत आपल्याच रानातून चालत गेले, चपला काठावर रात्रभर पावसात ठेवल्या आणि सकाळी तशाच उचलून वाण्याच्या दुकानात नेल्या. वाण्यानं विचारलं, काय तोलायचंय? हे म्हणाले, चिखल. रात्रभराच्या पावसानं पट्टे धुऊन निघाले होते, तळव्याचा चिखल जागचा हलला नव्हता. तागडीत टाकल्या तर अर्ध्या किलोच्या मापाला खाली बसल्या. वाण्याच्या सहीचा तो कागद खुलाशाला जोडला. चौकशी अधिकारी हसले म्हणे, पण पावसाचा मुद्दा नंतर निघाला नाही.

शेवटी एक वेतनवाढ रोखली आणि यांना नियंत्रण कक्षात वायरलेसजवळ बसवलं. खुनाचं पुढं काही झालं नाही. पोराच्या आईनं काही वर्षं ठाण्यात चकरा मारल्या, नंतर तीही फडावर जायला लागली.

तुम्ही मराठवाडा निवडला म्हणजे परभणीकडच्या मानवतचा विषय निघणारच. 1972 पासूनची ती हत्याकांडं. मी लहान होते, दिवस मावळला की आम्हाला अंगणात थांबू देत नसत. तेव्हा मुंबईहून पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी आले आणि तपास लागला. म्हणून आपल्याकडं अजून सगळ्यांना वाटतं, मुंबईचा साहेब आला की खुनी सापडतो. पण त्या केसमध्येही कटाचे मुख्य आरोपी म्हणून ज्यांच्यावर खटला चालला ते वरच्या कोर्टात सुटलेच. पोलिसांनी शोधणं आणि कोर्टात टिकणं यात फार मोठी दरी आहे. कादंबऱ्या पहिल्या काठावरच संपतात. तुम्ही दुसऱ्या काठापर्यंत चालून बघा.

कथानक कमी पडत असेल तर एक फुकट देते. 30 सप्टेंबर 1993, किल्लारी. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, जिल्ह्यातले पोलीस विसर्जनाचा बंदोबस्त करून दमलेले, आणि पहाटे चारच्या सुमाराला भूकंप. हजारो माणसं गेली, सामूहिक सरणं पेटली. त्या ढिगाऱ्यात एखादा असा असेल की जो भूकंपाच्या आधीच मेला होता, तर कुणाला कळलं असतं? यावर मी स्वतः लिहिणार होते. आता नातवंडांतून होत नाही, तुम्ही घ्या.

थोडं राहिलं. नायक इन्स्पेक्टर ठेवू नका, फौजदार किंवा सहायक निरीक्षक ठेवा. चिखलात उतरून पंचनामा लिहिणारा बहुतेक वेळा तोच असतो. केस 1 जुलै 2024 च्या आधीची असेल तर खुनाचं कलम 302 च राहील, त्यानंतरची असेल तर नव्या न्याय संहितेचं 103. आणि हेही सांगायला हवं, निलंबित झालेले सगळेच आमच्या ह्यांच्यासारखे नसतात. आमच्याच लाईनीत लाचलुचपतच्या सापळ्यात नोटांसकट सापडलेले होते. ते दुसऱ्या दिवशीही ताठ मानेनं भाजी आणायला जायचे आणि त्यांच्या बायका माझ्याकडंच दयेनं बघायच्या. तुमचा नायक खाणारा असेल तर वर लिहिलेलं निम्मं खोडा. पण मग तो जुन्या खुनासाठी कामून झोप घालवेल, याचं उत्तर तुम्हाला द्यावं लागेल.

सगळ्यांत महत्त्वाचं पात्र तुमच्या प्रश्नात नाहीच, ते म्हणजे मेहुणा. नायकाच्या बायकोचा भाऊ. माझा दादा आजही प्रत्येक लग्नकार्यात, पंगतीत, चारचौघांत म्हणतो, "दाजी माणूस चांगला, पण खाल्ल्याबिगर कुणी सस्पेंड होतं का? पाकिटाला काय पाय फुटले?" मी सांगून दमले. पाकीट ज्यानं नेलं त्याचे ट्रॅक्टर नंतर दोनाचे चार झाले, आमच्या दारात रिटायर होईपर्यंत एकच मोटारसायकल होती. खाल्ले असते तर त्या वर्षी लेकराची फी भरायला मी पाटल्या मोडल्या असत्या का? आणि त्या मोडायला सराफाकडं माझ्यासोबत कोण आलं होतं? हाच दादा. वजन कमी भरलं म्हणून सराफाशी भांडलासुद्धा. बाहेर येऊन मला म्हणाला, "दाजीनं कुठंतरी दडवून ठेवले असतील बघ, तुला सांगत नसतील."

हा माणूस कादंबरीत घाला. याला पुरावा दाखवला तरी फरक पडत नाही, खुनी सापडला तरी पडणार नाही. नाव बदला, गाव बदला, बाकी काही बदलायची गरज नाही. त्याला ओळखू आलं तर येऊ द्या, मी बघून घेईन.